कवळीवाल्या बाईंची आवराआवर

बाई दात बनवायच्या. दातांच्या डॉक्टर नव्हेत. डॉक्टर आपल्या दवाखान्यात पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे, ते माप डब्यात घालून बाईंकडे यायचं, आणि बाई घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी करायच्या. नवरा कधी कामावर असे, कधी नसे. नसेल तेव्हा खिडकीत पेपर घेऊन बसायचा आणि सरकारचं कुठे चुकतंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. घर चाललं ते लोकांच्या बोळक्यांवर. दोन्ही मुलं शिकली, मुलीचं लग्न झालं, मुलाला नोकरी लागली, पुढे नवरा वारला, तरी बाईंचं घासायचं मशीन चालूच होतं. सत्तरी ओलांडल्यावर हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी मशीनची वायर गुंडाळून ठेवली आणि मागच्या खोलीला कुलूप घातलं.

आमची आणि त्यांची भिंत एक. त्यामुळे या घरातलं मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं भिंतीतून आलेलं आहे, आणि उरलेलं सासू-सून दोघींनी आपापल्या सवडीनं येऊन सांगितलेलं. मी दुसरीच्या बाजूची आहे असा दोघींचाही पक्का समज होता, आणि तरीही दोघी यायच्या. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

सून एका कुरिअर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होती. दिवसभर पुरुषांच्या घोळक्यावर ओरडून घरी यायची आणि घरात आवाज म्हणून चढवायची नाही. तेच जास्त लागतं, असं बाई म्हणायच्या. लग्नानंतर काही दिवसांतच तिनं सासूला हाक मारणं सोडून दिलं होतं. आई नाही, सासूबाई नाही, साधं 'अहो'सुद्धा नाही. काही बोलायचं असेल तर समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची. बाई पाठमोऱ्या असल्या तर त्या वळेपर्यंत थांबायची.

याच्यामागे एक कारण होतं. नात जन्मली तेव्हा सुनेनं मागची खोली मागितली होती. बाई म्हणाल्या, "मग काम काय जिन्यात बसून करू?" विषय तिथेच संपला. बाळाचा पलंग बोळात लागला, मागच्या खोलीच्या दाराला जवळजवळ चिकटून. दाराखालच्या फटीतून प्लास्टरची पांढरी धूळ यायची. कवळीची गुलाबी पावडर ज्या रसायनात कालवतात त्याचा नाकात झोंबणारा वास यायचा. पोर रांगायला लागायच्या आत तिच्या छातीत घरघर सुरू झाली, आणि पुढे शाळेत गेली ती दप्तरात दम्याचा पंप घेऊनच. डॉक्टर म्हणाले, धुळीनं असेल, रक्तातलंही असेल, सांगता येत नाही. सुनेनं मनाशी काय ते ठरवून टाकलं. बाईंनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

या एका गोष्टीवरून त्या घरात कधीच भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं. ओला टॉवेल दारावर टाकण्यावरून, दुधाची पिशवी कुठल्या कोपऱ्याला कापायची यावरून, टीव्हीच्या आवाजावरून. अशा वेळी मुलगा चपला घालायचा. "काही आणायचंय का?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायचा. त्या घरात ब्रेड कधी कमी पडला नाही.

मग बाईंची थोरली बहीण वारली. बाई तिकडे जाऊन राहिल्या, आणि परत आल्या त्या स्वतःच्या घरात न शिरता माझ्याकडे आल्या. पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

"बहिणीचं कपाट उघडलं आज तिच्या सुनांनी," त्या म्हणाल्या. "तिचा एक ठिगळ लावलेला गाऊन होता. घरात घालायचा. तो एकीनं असा वर धरला, आणि दोघी हसल्या."

मी म्हटलं, "दमल्या असतील हो."

"दमल्याच होत्या. केवढा पसारा होता, मेलीनं औषधांच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकल्या नव्हत्या. त्या पोरी वाईट नाहीत. पण मी तिथे बसले होते, आणि माझ्या बहिणीचा गाऊन हवेत होता." त्यांनी माझ्या भिंतीकडे, म्हणजे स्वतःच्या घराच्या दिशेनं, हनुवटी उडवली. "हिचे हात माझ्या कपाटात नकोत मला. मी जाण्याच्या आधी सगळं रिकामं करणार."

त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "मी आता सगळं आवरायला काढणार आहे. माझ्यामागे तुम्हाला कुणाला त्रास नको."

"मला काही त्रास नाही," सून म्हणाली.

"तुला व्हायचाच नाही. तुझी करमणूक होईल."

मुलगा म्हणाला, ब्रेड संपलाय वाटतं.

बाईंनी खरोखरच आवरायला घेतलं. घेतलं ते अशा रीतीनं, की घरातली एकेक वस्तू सुनेच्या डोळ्यांसमोरून, सावकाश, दुसऱ्याच्या घरी गेली. लोकरीच्या शाली धुणंभांडी करणाऱ्या बाईला गेल्या. शिवणयंत्र, कात्र्या आणि बटणांचे डबे खालच्या मजल्यावरच्या टेलरला गेले. गरम पाण्याची पिशवी, छत्र्या, चांगले चाकू, ज्याला जे हवं ते. निळ्या फुलांचा कपबशांचा मोठा सेट होता, सून घरात आल्यापासून तो काचेच्या कपाटात होता आणि तिला कधी त्यातून चहा मिळाला नव्हता. तो मला आला. सून आणि मी तेव्हा जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून बोलत नव्हतो, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मुद्दाम रविवार निवडला, सून घरी असताना. एकेक कप कागदात न गुंडाळता टोपलीत ठेवला, म्हणजे खणखण आवाज व्हावा, आणि दोन फेऱ्या करून आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं माझी बेल वाजवली. किती तरी महिन्यांनी.

"सेट वापरा," ती म्हणाली. "वापरायला दिलाय तर वापराच. फक्त मी आले की मला त्यातून चहा देऊ नका."

"तू येणार आहेस का?"

"नाही," ती म्हणाली आणि गेली.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बाईंनी एखादा कप्पा रिकामा केला की संध्याकाळपर्यंत त्यात सुनेचं सामान आलेलं असायचं. बुटांची खोकी, इस्त्रीचं टेबल, गोदामातून आणलेले पुठ्ठे, शिकायला बाहेरगावी गेलेल्या नातीची जुनी पुस्तकं. विचारणं नाही, सांगणं नाही. बाई सकाळी उठून कपाट उघडायच्या आणि आत हिचे पावसाळी बूट. "मी अजून मेले नाहीये," बाई म्हणायच्या. सून म्हणायची, "कप्पा रिकामा होता."

मग बाईंनी वेगळी चाल केली. कप्पा पूर्ण रिकामा करायचाच नाही. प्रत्येक कप्प्यात आपली एकेक वस्तू ठेवायची. बसमध्ये लोक रुमाल टाकून जागा धरतात तसं. एका कप्प्यात नुसता चष्म्याचा डबा. एकात एक मोजा. काचेच्या मोठ्या कपाटात, जिथे तो सेट असायचा, तिथे मधोमध एक चहाचा चमचा. सुनेनं चमचा उचलला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना तिनं आपल्या बरण्या लावल्या. मी एकदा काही कारणानं गेले तेव्हा ते कपाट बघितलं. मला हसू येत होतं, पण दोघी दोन दारांत उभ्या होत्या आणि दोघींपैकी कुणीही हसत नव्हतं.

शेवटी राहिली मागची खोली.

ती मी तोवर कधी आतून बघितली नव्हती. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. वरचे, खालचे, दात असलेले, नसलेले, एकावर एक रचलेले, ओळीनं. प्रत्येकाच्या बुडाशी सुईनं कोरलेलं नाव. जवळजवळ सगळा परिसर त्या खोलीत तोंड उघडून बसला होता, आणि त्यातले बरेचसे आता हयात नव्हते. कवळी तुटली, हरवली, तर पुन्हा करायला उपयोगी पडावं म्हणून बाईंनी ते ठेवले होते. पुढे सवयीनं ठेवले. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं ते घ्यायला साफ नकार दिला. हे बांधकामाच्या कचऱ्यात मोडतं म्हणाला, आणि वर असंही म्हणाला, की फोडून, पोत्यात बांधून दिलं तर बघू.

तेव्हा बाईंनी हातोडी घेतली.

सून कामावर गेली होती. बाईंनी डोक्याला फडकं बांधलं, स्टूल घेतलं आणि सकाळपासून फोडायला बसल्या. भिंतीतून मला ठोके ऐकू येत होते. एक ठोका, मग थोडी शांतता, मग पुन्हा ठोका. दुपारपर्यंत त्यांची अर्धी भिंत रिकामी झाली होती. धूळ दारातून बोळात, बोळातून बाहेरच्या खोलीत गेली, सोफ्यावर बसली, भांड्यांवर बसली. सून घरी आली तेव्हा तिच्या चपलांचे ठसे उमटत होते.

पुढचं मी शब्दन् शब्द ऐकलं. माझं दार उघडं होतं आणि त्यांचंही.

"काय चाललंय?"

"दिसत नाही का?"

"निदान दार लावून करायचं."

"दार लावलं की मला श्वास घ्यायला त्रास होतो," बाई म्हणाल्या.

 सुनेनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"हो का?" ती म्हणाली. "त्रास होतो का? पोर चार महिन्यांची होती. इथे, या इथे पलंग होता तिचा. तेव्हा कुणी विचारलं नाही दार उघडं ठेवू का लावून घेऊ ते."

"त्याच धुळीवर हे घर चाललं. तुझा नवरा शिकला त्याच्यावर."

"तो शिकला. त्याचं शिक्षण माझ्या पोरीच्या छातीतून वसूल झालं."

"मग वेगळं बिऱ्हाड करायचं होतं. मी काय पाय धरून ठेवले होते तुझे?"

"तुमचा मुलगा नाही म्हणाला. आईला एकटं टाकून येणार नाही म्हणाला."

बाई हसल्या. तसलं हसणं पुन्हा ऐकायला नको मला. "आईसाठी? भाडं द्यावं लागलं असतं म्हणून राहिला तो. तुला एवढ्या वर्षांत तेसुद्धा कळलं नाही?"

मुलगा नेमका त्याच वेळी जिना चढून येत होता. दाराशी पोचला, दोघींचे चेहरे बघितले, आणि हातात ब्रेड असूनसुद्धा पुन्हा खाली गेला.

सुनेनं त्या दिवशी घर पुसलं. तीनदा पाणी बदललं. मग सासूसमोर उभी राहून म्हणाली, "पोती खाली न्यायला मी गोदामातली माणसं आणते. तुम्ही उचलू नका."

"तुझी माणसं नकोत मला."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः पोतं घेऊन निघाल्या. अर्धंच भरलं होतं, पण प्लास्टर जड असतं. एका हातात पोतं, दुसऱ्या हातात कठडा. वळणावर तोल गेला. मी आवाजावरून धावले. बाई पायऱ्यांवर आडव्या पडल्या होत्या, पोतं फुटलं होतं आणि सगळ्या जिनाभर लोकांचे दात सांडले होते. "आधी ते गोळा करा," त्या मला म्हणाल्या. "कुणी घसरेल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली, आणि वॉकर घेऊन बाई घरी आल्या. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आली. मागच्या खोलीतलं काम अर्धवट राहिलं.

आईला बघायला लेक आली. दूरच्या शहरात असायची, वर्षा-दोन वर्षांनी यायची. गोड बोलणारी. आईच्या केसांवरून हात फिरवायची, माझ्याही फिरवला असता. "आई, तू कशाला जिवाला लावून घेतेस? एक माणूस बोलावू. दुपारपर्यंत सगळं साफ. तुला बघायलासुद्धा लागणार नाही."  लेकीनं माया केलेली त्यांना आवडायची.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. लेक मागच्या खोलीत उभी राहून मैत्रिणींना फोनवर खोली दाखवत होती. "बघा, बघा, आमच्या आईचा संग्रह." जबडे उघड-मीट करून बघायला बाईंकडे पितळेची बिजागरी असलेले सांगाडे होते. त्यातल्या एकावर वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे अजून बसवलेले होते. लेकीनं तो उचलला, फोनसमोर धरला आणि बिजागरी हलवत बोबड्या आवाजात म्हणाली, "मला शेंगदाणे चावत नाहीत हो, शेंगदाणे चावत नाहीत." फोनमधून हसण्याचा कल्लोळ आला. खट, खट, खट. बाहेरच्या खोलीत बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी चादरीचं टोक मुठीत धरलं होतं.

स्वयंपाकघरातून सून आली. हात पुसले. नणंदेच्या हातातून तो सांगाडा काढून घेतला, उलटा केला आणि बुडाशी कोरलेलं नाव तिच्यासमोर धरलं.

"ताई, हे तुमचे वडील आहेत."

फोनमधलं हसणं आणखी थोडा वेळ चालू राहिलं. तिकडे कुणाला काही कळलं नव्हतं.

लेकीनं फोन बंद केला. चेहरा लाल झाला होता. "वहिनी, तू हे मुद्दाम केलंस. चारचौघांत."

"चारचौघं तुम्ही जमवलीत."

"तुला काय एवढा पुळका आलाय आईचा? आम्हाला माहीत नाही का तुमचं कसं आहे ते?"

"मला पुळका नाही," सून म्हणाली. "मला त्यांच्याशी भांडायचं असतं ते मी तोंडावर भांडते."

"दोघी तोंडं मिटा," बाहेरून बाई म्हणाल्या.

लेक ठरल्यापेक्षा आधीच निघून गेली. जाताना तिनं आईला मिठी मारली. बाईंनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, जसं कुणी पाहुण्याला थोपटतात.

मग बाईंनी सुनेला बोलावलं. हाक मारायची पद्धत त्यांच्याकडूनही केव्हाच मोडली होती; वॉकर जमिनीवर आपटला.

"ती खोली तू आवर."

"मी का? तुमच्या लेकीचा माणूस येणार होता ना?"

"तिला माझा कळवळा आहे. कळवळा असलेल्यांच्या हातात मला माझं सामान द्यायचं नाही. तुला तो नाही."

"नाही."

"म्हणूनच."

सुनेनं मागच्या खोलीकडे बघितलं. "मग ऐका. पाण्यात भिजवल्याशिवाय एक तुकडा फुटणार नाही. आणि खोली रिकामी झाली की ती माझी. लगेच. तुम्ही असताना."

"मी गेल्यावर तुझीच आहे की."

"तुमच्यामागे मिळालेली मला नको. मागितली तेव्हा दिली नाहीत. आता माझ्याकडे असलेली बघत बसा."

बाई म्हणाल्या, "बरं."

सुट्टीच्या दिवशी काम चालायचं. सून तोंडाला रुमाल बांधायची, फळीवरचे जबडे पाण्याच्या टबात बुडवायची, भिजले की ओल्या पोत्याखाली ठेवून फोडायची. धूळ अजिबात उडायची नाही. बाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि तिच्या प्रत्येक हालचालीवर बोलायच्या. टब वाकडा ठेवलास. हातोडी अशी धरतात का? तो वरचा नको, आधी खालचा. सून उत्तर देत नसे किंवा एकच देत असे: "उठून करा मग." बाईंना उठता येत नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

जबडा हातात आला की बाई सांगायच्या, हा कुणाचा. हा शाळेचा हेडमास्तर, मुलांना मारायला धावताना बाकावर आपटून दात पडला याचा. ही दुकानदाराची बायको, हिनं लग्नाआधीच सगळे काढून घेतले, नवऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

"मला नका सांगू," सून म्हणायची.

पुढच्या सुट्टीला टब भरता भरता तिनं विचारलं, "त्या दुकानदारिणीच्या नवऱ्याला खरंच कळलं नाही?"

"तुला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. सुनेनं टब असा आपटला की पाणी बाईंच्या पायांवर उडालं.

सगळ्यात शेवटी सासऱ्यांचा जबडा राहिला, पितळी सांगाड्यावर. सुनेनं तो फळीवरून काढलाच नव्हता.

"फोड," बाई म्हणाल्या.

"तुमच्या मुलाला विचारा."

मुलाला हाक मारली. तो आला, दारातून बघितलं, म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवाल तसं," आणि चपला शोधायला लागला.

"मला दे हातोडी," बाई म्हणाल्या.

सुनेनं हातोडी दिली. जबडे सांगाड्यावरून काढले, भिजवले आणि बाईंच्या खुर्चीसमोर स्टुलावर ठेवले. पहिला घाव नुसता घसरला. दुसराही. हातात जोरच नव्हता. तेव्हा सुनेनं खाली बसून दोन्ही हातांनी जबडा बुडाशी धरून ठेवला.

"हात काढ. लागेल."

"मारा."

तिसऱ्या घावाला तो फुटला. सुनेच्या अंगठ्यालाही थोडं लागलं. तिनं तो तोंडात घातला. बाईंच्या मांडीवर प्लास्टरचे ओले तुकडे पडले होते. त्या ते झटकत नव्हत्या.

"पोरीच्या छातीचं," त्या म्हणाल्या, "मला कळत होतं. तेव्हाच कळत होतं."

"मला माहीत होतं तुम्हाला कळतंय ते." सून पोत्याचं तोंड बांधत होती. "माफी मागताय?"

"नाही."

"मागू नका. मी देणार नाही."

हे मला सुनेनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. अंगठ्याला पट्टी मागायला आली होती. त्यांच्या घरातल्या पट्ट्या बाईंनी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

गंमत म्हणजे बाई त्यानंतर चांगली तीन वर्षं जगल्या. सगळं देऊन बसलेल्या. आपलं म्हणून एका कपाटाचा एक कप्पा. आणि रोज त्यांना काही ना काही लागायचं.

"कात्री कुठाय?"

"टेलरकडे. तुम्ही दिलीत."

"थंडी वाजतेय. ती शाल दे."

"कुठली? धुण्याच्या बाई पांघरून येतात ती?"

"पाय दुखतोय, गरम पाण्याची पिशवी..."

सून मग बाजारातून नवी पिशवी आणायची, कात्री आणायची, शाल आणायची. प्रत्येक वस्तूवर मार्करनं आपलं नाव घालायची, मोठ्या अक्षरांत, गोदामात खोक्यांवर घालतात तसं. बाई तिचं नाव असलेली शाल पांघरून बसायच्या आणि रंगाला नावं ठेवायच्या. मागच्या खोलीत सुनेनं काहीच भरलं नाही. एक खुर्ची, एक पंखा. कामावरून आली की ती तिथे जाऊन दार लावून बसायची. बाई बाहेरून म्हणायच्या, "एवढी खोली अडवून नुसतं बसायचं?" आतून पंखा वाढवल्याचा आवाज यायचा.

बाई गेल्या तेव्हा सकाळ होती आणि सून कामावर निघायच्या बेतात होती. मी गेले. मुलगा दारात उभा होता, या वेळी मात्र कुठे जाता येत नव्हतं त्याला. सून सासूच्या उशाशी वाकली होती आणि त्यांचा जबडा दोन बोटांनी उघडून त्यांची कवळी आत बसवत होती. आधी वरची, मग खालची. मी म्हटलं, काढून ठेवतात गं अशा वेळी.

"बोळकं घेऊन चारचौघांसमोर जाणार नाही म्हणाल्या होत्या. स्वतः केलेली आहे," ती म्हणाली. "जमणार नाही तुला, उलटी बसवशील, असंही म्हणाल्या होत्या." तिनं हनुवटी खालून दाबली, बाजूला होऊन बघितलं, आणि पुन्हा एकदा दाबली.

बाईंचा कप्पा आवरायला तिला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. दोन गाऊन, धुतलेले आणि घडी घातलेले, ठिगळ नसलेले. चष्मा, कंगवा, औषधं. ठरवलं होतं ते बाईंनी करून दाखवलं.

सगळे विधी आटोपल्यावर लेकीनं विचारलं, "आईचं काय काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी सगळं देऊन टाकलं होतं. तुम्हाला माहीत आहे."

"सगळं कसं देईल? निळ्या फुलांचा सेट होता. आईच्या शाली होत्या. मला एखादी तरी ठेवली असेल तिनं."

"या, बघा," सून म्हणाली.

आणि तिनं एकेक कपाट उघडून दाखवलं. लेक प्रत्येक कप्प्यासमोर उभी राहिली. बुटांची खोकी, पुठ्ठे, इस्त्रीचं टेबल, सुनेचं नाव घातलेली शाल, सुनेचं नाव घातलेली पिशवी, सुनेच्या बरण्या. तिनं खोकी उघडून बघितली. मागची खोलीही बघितली, तिथे खुर्ची आणि पंखा. मुलगा म्हणाला, "ताई, खरंच काही नाही गं." हे त्याचं त्या सगळ्यातलं एकमेव वाक्य.

"सगळं घरच तुझ्या नावाचं करून टाकलंस," लेक म्हणाली.

सुनेनं कपाटाचं दार लावलं. "झालं बघून?"

तेव्हापासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद आहे. तिकडच्या नातेवाइकांत आजही असंच बोललं जातं, की म्हातारी अंथरुणावर असतानाच सुनेनं घर धुऊन नेलं, शालीसुद्धा सोडल्या नाहीत, नणंदेला आईची आठवण म्हणून एक चमचा दिला नाही. हे सुनेच्या कानावर आलेलं आहे. ती खोडून काढायला गेली नाही. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा मी तिला म्हटलं, मी लिहून कळवते तिला, शाली कुणाकडे गेल्या आणि सेट कुणाकडे आहे ते. माझ्याच घरात तर आहे.

तिनं चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली.

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" ती म्हणाली आणि कामाला गेली.